सागवनातली सारवलेली जमीन

सहलीचं ठरवताना लोक आधी विचारतात, "वाघ दिसंल का?" मी आजवर इतक्या कुटुंबांना जंगलात नेऊन आणलंय, की छातीवर हात ठेवून सांगतो, माणसं घरातून निघतात ती डबा खायला. सावली बरी असली, बसायला जागा साफ असली आणि म्हाताऱ्या माणसाला फार चालावं लागलं नाही, की ती सहल लोक वर्षभर आठवतात. म्हणून सहल आखताना मी आधी जेवायची जागा शोधतो. रस्ता, नाश्ता, नदी हे सगळं नंतर.

मी लखन. मूळचा जळकोटचा, आता नांदेडला असतो. ड्रोन उडवून शेतांची मोजणी आणि फवारणी करणं हा माझा धंदा. पाऊस संपला की फवारणी कमी होते, त्या दिवसांत आम्ही नांदेडच्या लोकांना किनवटकडच्या जंगलात एका दिवसासाठी नेतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको अयोध्या आणि शिवकुमार. फोन आणि बुकिंग अयोध्या बघते. शिवकुमार उदगीरचा, जीप तोच चालवतो आणि स्वयंपाकही तोच करतो. त्याच्या हातचं पिठलं खाल्लेला माणूस पुन्हा फोन करतोच.

गेल्या थंडीत मला नवी जागा हवी होती. आमच्या नेहमीच्या धबधब्याकडं गर्दी फार वाढली होती. उपग्रहाच्या नकाशावर किनवटच्या पुढचं रान मी बोटानं मागंपुढं सरकवत बसलो होतो, तेव्हा पळसदरा नावाच्या वस्तीच्या पलीकडं, दाट सागात, एक फिकट चौकोन दिसला. गाडीवाट अगदी जवळून जात होती. वनरक्षकाशी बोललो, दिवसाची परवानगी काढली आणि शिवकुमारला घेऊन निघालो. भोकर, हिमायतनगर करत ऊन वर यायच्या आत आम्ही तिथं पोचलो.

जागा बघितली आणि मी खूश झालो.

चारी बाजूंनी जुने साग. पानगळ सुरू झालेली, त्यामुळं रानात घोट्याएवढा पाचोळा, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. आणि मधोमध ही मोकळी जागा. दोन-तीन कुटुंबं पंगत मांडून बसतील एवढी. तिच्यावर एक पान नाही, काडी नाही. जमीन शेणानं सारवलेली, गुळगुळीत, अजून ओलसर. शेणामातीचा तो थंड वास नाकात शिरला आणि बरं वाटलं.

शिवकुमारनं चपला काढून कडेला ठेवल्या.

"का काढल्या रे?" मी विचारलं.

त्यानं स्वतःच्या पायांकडं बघितलं. "काय की," तो म्हणाला. "निघाल्या."

मी म्हणालो, हे कुणाचं तरी खळं असणार. रास करायच्या आधी सारवतात.

"खळं गोल असतंय. हे चौकोनी हाय. अन् शेत कुठंय हितं?" शिवकुमार खाली वाकून जमीन बघत होता. हातानं सारवल्याच्या अर्ध्या अर्ध्या वाटोळ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. "यव्वा! हे बघ की. सारवणारी बाई मागं सरकत सरकत दारातून भाईर येती. हिनं उलटं केलंय. हिकडून सुरू केलंय अन् सारवत सारवत आत गेली."

रेषा खरंच कडेपासून मध्याकडं गेल्या होत्या. मध्ये पावलाचा ठसा नव्हता. बाहेर यायचाही नव्हता.

"उडी मारून गेली आसंल," मी म्हणालो. तो अजून त्या रेषाच बघत होता.

येताना पळसदऱ्यात किशनरावांकडं थांबलो. वस्तीतले वयानं मोठे, वन समितीतही आहेत. त्यांनी चहा दिला. त्या जागेचं विचारलं तर म्हणाले, "तिथं काई न्हाई."

"सारवतं कोण?"

"सारवलंय व्हय?" त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी ठेवली. "आमी तिकडं जात न्हाई."

"का हो? काय भ्या हाय का?"

"भ्या कशाचं? कुणाला कधी काई झालं न्हाई. आमचं काम पडत न्हाई तिकडं." मग म्हणाले, "नेता का लोकायला? न्या की. दिवसाचं न्या."

मला तेवढं पुरे होतं.

त्या दिवशी मी ड्रोनवरून जाहिरातीसाठी चित्रण केलं होतं. घरी ते लावून बसलो. वरून जागा फारच सुंदर दिसत होती, हिरव्या-तपकिरी रानात ओला चौकोन आणि त्यात आम्ही दोघं मुंग्यांएवढे. अयोध्या चहा घेऊन मागं उभी होती.

"तुम्ही दोघं असं का चालायलाव?" तिनं विचारलं.

"असं म्हणजे?"

तिनं मागं घेऊन पुन्हा लावायला सांगितलं. शिवकुमारची पिशवी चौकोनाच्या कडेलाच, एका सागाला टेकवलेली होती. तो तिच्या अगदी समोर उभा होता. वाकून हात लांबवला असता तरी मिळाली असती. पण तो वळला, चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथं त्याच्या चपला होत्या तिथून बाहेर पडला, पूर्ण वळसा घालून पिशवीपाशी आला. पिशवी घेऊन त्याच वाटेनं परत आत.

पुढं मीही तसंच केलेलं दिसलं. एकदा नाही, दर वेळी. शिवाय चौकोनाच्या आत, मध्यापासून थोडं पलीकडं, एक आडवी रेघ असावी तसे आम्ही दोघंही तिथं येऊन थांबत होतो. पलीकडच्या भागात आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

"ओल्या सारवणावर ठसे नको म्हणून आसंल," मी म्हणालो.

"मग हिकडच्या भागात उमटलेले चालतेत का?" अयोध्या म्हणाली आणि कप ठेवून गेली.

मी मोजणीचा माणूस आहे. शंका आली की जागेवर जायचं, हे माझं साधं गणित. त्याच आठवड्यात पुन्हा गेलो. शिवकुमार जीपमध्येच बसला, गाणी ऐकतो म्हणाला. जमीन पुन्हा ताजी सारवलेली होती. आमचे मागचे ठसे नव्हते. मी बाहेरच्या बाजूनं, पाचोळ्यात उभा राहिलो आणि ठरवून सरळ त्या कडेवरून आत जायला निघालो.

बुटाची नाडी सुटलेली दिसली. वाकून बांधली. उठलो तेव्हा मी वळसा घालायला लागलो होतो.

पुन्हा त्याच कडेपाशी आलो. या वेळी हात पुढं केला. काही लागलं नाही, काही अडलं नाही. फक्त तो हात आणखी पुढं न्यावा असं मला वाटलं नाही. आपण भर रस्त्यात अनोळखी माणसाच्या तोंडावर हात ठेवत नाही, तसं. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो, मग स्वतःलाच हसू आलं. माणसाचं मन सवयीचं गुलाम असतं. एकदा कडेनं गेलो, की पुढं कडेनंच जातो. एवढ्याशा गोष्टीसाठी अशी सावली सोडून द्यायची नव्हती.

माझा एक नियम आहे. नव्या जागी पाहुण्यांना न्यायच्या आधी मी माझ्या आईला नेतो. तिला जिथं बसता येतं, तिथं कुणालाही बसता येतं.

आईचं नाव पंचफुलाबाई. वडील गेल्यावर जळकोटचं शेत बटईनं दिलं आणि तिला नांदेडला आणलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, फरशी, लिफ्ट. तिला त्रास काहीच नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. पण दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या बघत बसायची. अयोध्या तिला भाजी निवडायला द्यायची, तर आई पटकन निवडून परत करायची आणि विचारायची, "अजून काय हाय का गं?" अजून काही नसायचं. जंगलात चल म्हणलं तर नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. डोक्याला तेल लावून तयार झाली.

जानेवारीचा दिवस होता, ऊन कोवळं होतं. जीप थांबली. मी आईला हात देऊन उतरवलं आणि मुद्दाम काहीच सांगितलं नाही. ती पाचोळ्यातून हळूहळू चालत गेली. शिवकुमारनं जिथं चपला काढल्या होत्या, बरोबर तिथं तिनं चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. मग मान खाली घातली, ठेंगण्या दाराखालून जाताना घालतात तशी, आणि आत गेली.

अयोध्यानं माझ्याकडं बघितलं. मी सतरंजी काढायला जीपकडं वळलो.

परत आलो तेव्हा आई खाली बसली होती. पाय लांब केले होते आणि ती मागं टेकली होती.

तिच्या मागं झाड नव्हतं. दगड नव्हता. गुडघेदुखीमुळं आईला टेकल्याशिवाय फार वेळ बसवत नाही. आणि ती आरामात, सगळं अंग सोडून, मान मागं टाकून बसली होती. पाठीवरचा पदर सपाट दबला होता.

"आत्या, बरं वाटायलंय का?" अयोध्यानं विचारलं.

"लई गार हाय आत," आई म्हणाली. तिनं तळहात मागं नेऊन हवेवर ठेवला, कुरवाळल्यासारखा. "भिंत ओली हाय अजून. माझा पदर भिजंल."

कितीतरी महिन्यांनी ती न विचारता बोलली होती. म्हणून, खरं सांगतो, मला त्या वेळी भीती वाटली नाही. बरंच वाटलं.

शिवकुमारनं चूल बाहेर मांडली. त्याला आत ये म्हणलं तर ऐकलं नाही. तीन दगड, वाळलेल्या काटक्या, वर पिठल्याची कढई. थोड्या वेळानं वारा फिरला आणि धूर जमिनीलगत आमच्याकडं आला. मी डोळे मिटले. डोळ्याला धूर लागला नाही. उघडून बघितलं तर धूर कडेपाशी उभा होता. सरळ वर चढत होता, आणि वर कुठंतरी वाट मिळाल्यासारखा आमच्या डोक्यावरून आडवा निघून जात होता.

"जेवून घेऊ आन् निघू," अयोध्या हळूच म्हणाली.

मी होकार दिला. तेव्हाही मी मनात वाऱ्याचा, उताराचा, गरम-थंड हवेचा हिशोब मांडत होतो. थोडं जमलंही होतं.

आई चांगली जेवली. भाकरी, पिठलं, ठेचा. वर कांदा मागून घेतला. हात धुतला आणि जागा बदलून ती त्या आडव्या रेघेपलीकडं गेली. जिथं शिवकुमार गेला नव्हता, मी गेलो नव्हतो. तिथं आमच्याकडं पाठ करून बसली. मान जरा खाली, अंग संथ हलत होतं. मला वाटलं, जेवण झालं, डुलकी लागली असेल. म्हातारं माणूस आहे. मी भांडी गोळा करू लागलो.

वरून एक पान सुटलं.

सागाचं पान ताटाएवढं असतं. गिरक्या घेत खाली आलं आणि माझ्या डोक्याच्या वर, हवेत, टेकलं.

क्षणभर थांबलं. मग उतारावरून घसरावं तसं खरखरत घसरत गेलं, कडेला आलं आणि बाहेरच्या पाचोळ्यात पडलं.

ती खरखर मी ऐकली. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"शिवकुमार, गाडी चालू कर," मी म्हणालो.

त्यानं चुलीवर पाणी ओतलं आणि काही न विचारता गेला.

"आई, चल. निघू."

आईनं मान वळवली नाही. "तुमी जा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी राहते हितं."

"हितं कुठं राहतीस?"

"हळू बोल की. आत्ता निजलंय." मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते. ताप नव्हता, भ्रम नव्हता. माझी आई होती, शेतात असायची तशी. "बाळंतीण हाय रे ही. अंगात काई राह्यलं न्हाई तिच्या. सारवणसुदिक तीच करायली, आसल्या अंगानं. तिच्यापाशी कुणी बी न्हाई."

"आई, हितं कुणी न्हाई."

"त्येच म्हणते मी. कुणी न्हाई." ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तिकडं मला काय काम हाय, लखन? खुर्चीवर बसायचं. हितं बाईमाणूस लागतंय."

मी पुढं झालो. त्या रेघेपाशी आलो आणि थांबलो. माझी आई चार हातांवर बसली होती, आणि मला पुढं जावंसं वाटेना. परक्या बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणूस शिरत नाही. पाय तिथंच राहिले. मी पुन्हा हाक मारली. ती पुन्हा पाठमोरी झाली.

एवढ्या वर्षांत जंगलात मी कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

मग अयोध्या माझ्या बाजूनं पुढं गेली. सरळ रेघ ओलांडून. आईजवळ उकिडवी बसली आणि समोर, जिथं काहीच नव्हतं तिथं बघत अगदी सावकाश बोलली.

"आत्या, रिकाम्या हातानं कसं ऱ्हाताव? तिला खायला काय देताव? डिंक न्हाई, खोबरं न्हाई, साजूक तूप न्हाई. बाळाला एक दुपटं न्हाई. घरी जाऊ, सगळं करू, घेऊन येऊ."

आई विचारात पडली. "खरंच आणू?"

"खरंच."

"सांग तिला तसं. माझ्यावर इस्वास न्हाई बसायचा तिचा. मी म्हातारी."

अयोध्यानं पदर सावरला. "बाई," ती समोर बघून म्हणाली, "येतो आम्ही."

आई उठली. उठताना तिनं बाजूला हात टेकवला, आधार घेतला, गुडघा सरळ केला. ती रेघेच्या अलीकडं आल्यावर तिला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही चालू लागलो. बाहेर पडताना तिनं पुन्हा मान खाली घातली. या वेळी अयोध्यानं घातली. मीही घातली.

चपला घातल्यावर आई वळली. दोन्ही हात पुढं करून तिनं काहीतरी ओढून घेतलं, दोन फळ्या जुळवाव्यात तसं.

आम्ही तिघंही बाहेर होतो. शिवकुमार जीपमध्ये होता, ते मी वळून पाहिलं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

लोखंडाचा, स्पष्ट. जुनी कडी लागताना आधी अडते आणि मग बसते, तसा.

"बरं झालं," आई म्हणाली. "उठली बाई ती."

भोकरला चहा घेतला. आई शिवकुमारला पिठल्यात लसूण कमी पडला म्हणाली, आणि तो "हाव मावशी" म्हणाला. नांदेडचे दिवे लागायच्या सुमाराला घरी पोचलो.

ती जागा मी सोडली; कबूल केलेलं डिंक-खोबरं घेऊनही आम्ही परत गेलो नाही. धंदा मात्र सोडला नाही; माहूरच्या बाजूला दुसरी सावली सापडली, आंब्याखालची, आणि तिथं लोक खूश असतात. किशनरावांना फोन करून विचारलं, तिथं कधीकाळी कुणाचं घर होतं का. ते म्हणाले, आमच्या आज्याच्या आठवणीत तर सागच हाय. तिथून पुढं मी विचारलं नाही. आई आता बरं बोलते. शेजारच्या महादेवीच्या नातवाला मालीश करायला रोज खाली जाते. पण अयोध्या मला पळसदऱ्याकडं जाऊ देत नाही, आणि का ते सांगत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी आईनं लुगडं बदललं आणि धुवायला टाकलं. अयोध्यानं ते बादलीत घालायच्या आधी उलगडून बघितलं आणि मला न्हाणीत बोलावलं. आमच्या घरात लेकरू नाही. डाव्या खांद्यावर, पदराला, दुधाच्या गुळणीचा डाग होता. आंबूस वासाचा. अजून ओला.